राजाचा चष्मा

नाटकवाले चार जण जमले की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. ऐंशीच्या दशकात कांदिवलीच्या आमच्या कॉलनीत दर गणपतीला नाटक व्हायचं. मी प्रॉम्प्टर आणि बापू राणे कायम राजा! आवाज झकास, पण चष्म्याचा नंबर मायनस चौदा. दिग्दर्शक नाना म्हणायचे, "राजाला चष्मा? छे!" मग बापू स्टेजवर अंदाजानेच राज्य करायचा.

एकदा त्याने प्रधान समजून मांडवाच्या खांबालाच झापलं, "खाली मान घालून उभा राहा!" खांबाने ऐकलं नाही.

* * *

पुढच्या वर्षी डावीकडून राणी आली. राणी म्हणजे त्याची खरी बायको, शुभावहिनी. त्या शेजारी उभ्या, आणि हा विचारतोय, "राणी अजून कशी आली नाही?" प्रेक्षक हसून लोळले!

वहिनी मात्र हसल्या नाहीत. विंगेत मला म्हणाल्या, "घरी चष्मा असतो ना, तरी डावीकडचा कप रोज सांडतात."

* * *

वहिनींनी त्याला धरून नेलं, आणि गोरेगावच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. काचबिंदू! आतला दाब डोळ्याची नस खात होता, आणि दुखत काहीच नव्हतं.

"एवढा मायनस नंबर असला की हा धोका जास्त. लोकांना वाटतं, नंबरच वाढला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली रोज डोळ्यात थेंब घालून सांभाळू."

"म्हणजे नाटक बंद?"

"थेंब बंद केलेत तर बंद!"

* * *

मग कडेची नजर तपासायची टेस्ट. समोर बघायचं, बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. बापू दाबतच सुटला.

"अहो, दिवा लागला नाही तरी दाबताय!"

"एंट्री चुकवायची सवय नाय, बाई!"

बाईंनी टेस्ट पुन्हा पहिल्यापासून घेतली.

* * *

तेव्हापासून तालमीत नाना मध्येच ओरडायचे, "थेंब!" सगळे थांबायचे. आम्ही बाकीचे जाड चष्मेवालेही बाईंकडे तपासून आलो. नाना सगळ्यात पुढे!

* * *

पुढच्या गणपतीपर्यंत दाब आटोक्यात आला. बापूने कुणालाही न विचारता मुकुटाखाली चष्मा चढवला. मांडवात हशा!

"मेल्यांनो, हसतास कित्याक? राजाक प्रजा दिसाक नको?"

नानांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात डावीकडून राणी आली. मी घाईघाईने वाक्य सांगणार, तर बापूने सावकाश अख्खी मान डावीकडे वळवली आणि बघतच राहिला.

"आलीस? आज मीच आधी बघितलं गं तुला."

नाटकात हे वाक्यच नव्हतं. वहिनी पुढचं विसरल्या. आणि संहिता हातात असून मलाही ते सापडेना!