उजव्या बाजूचा दोर

पिकअपच्या टपावर होडी उलटी घालून न्यायची तर माणसं दोन लागतात. एकट्याने जमत नाही असं नाही. पण मग एकट्याला दोघांचं चालणं चालावं लागतं, आणि दम लागतो तो उचलण्याने नाही, त्या चालण्याने.

अल्बी ट्रेमेनला हे त्या हिवाळ्यात कळलं. त्याचं सगळं आयुष्य बंडाबर्गजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलरची जोडकामं करण्यात गेलं होतं, त्यामुळे टपावरची लोखंडी चौकट त्याने स्वतःच वेल्ड केली होती. मागच्या टोकाला रबरी रूळ, पुढे केबिनच्या वर एक कप्पी, आणि चालकाच्या दाराशी हाताने फिरवायची विंच. होडी अल्युमिनियमची, दोघांपुरती. ती जमिनीवर पालथी घालायची, पुढचं टोक उचलून रुळावर टेकवायचं, कडीत विंचचा दोर अडकवायचा आणि फिरवत राहायचं. फिरवणाऱ्याला मागचं दिसत नाही. होडी तिरकी चढायला लागली की मागच्या माणसाने खांदा लावून ती सरळ करायची. ते मागचं माणूस म्हणजे त्याची बायको नेरिडा. बाई ठेंगणी, पण काटक. ती ‘थांब’ म्हणाली की अल्बी थांबायचा, ‘चल’ म्हणाली की फिरवायचा. एवढ्या दोन शब्दांवर त्यांची होडी दरवर्षी उत्तरेला करुंबापर्यंत जाऊन येत होती.

नेरिडा नोव्हेंबरात गेली. जुलै आला, म्हणजे तिकडचा हिवाळा, तेव्हा अल्बीने होडी अंगणात पालथी घातली. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने हात लावू का म्हणून विचारलं, तर त्याने मानेनेच नाही म्हटलं. विंच थोडी फिरवायची, मागे जायचं, खांदा लावायचा, पुढे यायचं, पुन्हा थोडी फिरवायची. होडी चढली तेव्हा सकाळ संपली होती आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

मुलगी, लिनेट, आदल्या रविवारी येऊन बोलून गेली होती. गाडीमागे राहायची कॅराव्हॅन ओढ, नाहीतर टपावर होडी ने, दोन्ही कशाला, असं तिचं म्हणणं. किनाऱ्यावरूनही मासे मिळतात. शेवटी तिने त्याच्याकडून शब्द घेतला की रस्त्यात एकदा जरी होडी हलली, तरी ती आहे तिथे विकायची आणि पुढे नुसती कॅराव्हॅन घेऊन जायचं. अल्बीने शब्द दिला. तो फारसे शब्द देत नसे, म्हणून लिनेटने त्यावर विश्वास ठेवला.

होडी त्याला का हवी होती हे त्याने तिला सांगितलं नाही. करुंबाला नदीच्या मुखाशी नांगर टाकला की ती दोघं पाठीला पाठ लावून बसायची, एकाचा गळ एका बाजूला, दुसरीचा दुसऱ्या. तास न् तास बोलणं नाही. तोंडासमोर पाणी, आणि माणूस पाठीमागे. तसं बसल्यावर पाठीमागे माणूस आहे असं समजायला त्याला अजूनही जड गेलं नसतं. किनाऱ्यावरच्या घडीच्या खुर्चीत ते जमणार नव्हतं.

वाटेत अडचण मुक्कामाच्या जागी यायची. होडीची मागची फळी पिकअपच्या बाहेर निघालेली असते आणि तिच्या मागे लगेच कॅराव्हॅनचा पुढचा भाग. मागे घेताना चाक जास्त वळलं की फळी सरळ कॅराव्हॅनच्या काचेत जाते. नेरिडा त्या फटीशी उभी राहून हाताने खुणा करायची. आता खुणा करणारं कोणी नाही, म्हणून अल्बी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशीच जागा मागून घ्यायचा. अशा जागा बहुधा रस्त्याला लागून असतात. रात्रभर ट्रक ऐकत झोपावं लागतं. संध्याकाळी बाकीचे खुर्च्या मांडून नव्याने येणाऱ्यांची मागे घेण्याची तारांबळ बघत बसत, कोणाच्या बायकोने किती हातवारे केले त्यावर हसत. अल्बी सरळ शिरून सरळ थांबायचा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. डब्यातला खिमा गरम करून पावावर घ्यायचा आणि दार लावायचा. कॅराव्हॅनच्या पाठीवर दोघांची नावं होती, निळ्या अक्षरांत, ‘अल्बी आणि नेरिडा, चॅनेल १८’. तिकडे सगळेच अशी नावं लावतात, मागच्याला रेडिओवर हाक मारता यावी म्हणून. ती वाचून कोणी ना कोणी विचारायचंच, बाईसाहेब दिसल्या नाहीत. आत आहे, असं तो एकदा म्हणून गेला. नंतर बराच वेळ त्याला त्या खोटेपणाचा राग येत राहिला.

दोर बांधायची त्यांची एक रीत होती. उजवी बाजू अल्बीची, डावी नेरिडाची. मध्ये होडी असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. बांधून झालं की तो ‘झालं’ म्हणायचा, पलीकडून तिचं ‘झालं’ यायचं. मग निघायचं, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबायचं, कारण नवा ताण बसलेला दोर पहिल्या हिसक्यांत सैल पडतो. त्या थांब्यावर बाजू बदलायच्या. तो तिच्या गाठी ओढून बघायचा, ती त्याच्या. कारखान्यात ज्याने जोड मारला त्याने तो तपासायचा नसतो. तीच शिस्त अल्बीने घरात आणली होती.

विंटन सोडलं त्या सकाळी त्याने दोन्ही बाजू स्वतः बांधल्या होत्या. पहिल्या थांब्यावर तो उतरला, गाडीच्या पुढून डावीकडे गेला, पुढचा दोर ओढला, मागचा ओढला, मधला पट्टा ओढला. सगळं घट्ट. ‘झालं,’ तो म्हणाला, आणि आलेल्या वाटेनेच परत येऊन चाकामागे बसला. त्याच्या हिशेबी काम पुरं झालं होतं. इतक्या वर्षांत याच्यापुढे त्याचं काही काम नसायचंच.

कायनुनाच्या पुढे समोरून तीन ट्रेलर ओढणारा ट्रक आला. त्याच्या वाऱ्याचा फटका उजवीकडून बसला आणि टपावर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. अल्बीने आरशात पाहिलं. आरशात कॅराव्हॅनची बाजू आणि रस्ता, एवढंच दिसत होतं. पुढे रस्ता हळूहळू डावीकडे वळला. तशा वळणावर पुढच्या गाडीची डावी बाजू मागच्याला दिसते.

रेडिओ चालूच होता. तो डावीकडे, नेरिडाच्या गुडघ्यापाशी लावलेला. नवरे गाडी चालवतात म्हणून बोलायचं काम बायकांकडे असतं, तेव्हा हाकही तिलाच आली.

“अगं नेरिडा, झोपलीस की काय? नवऱ्याला सांग, होडी वेगळ्या गावाला निघालीय.”

बाईचा आवाज, हसरा. अल्बीने आवाजाकडे पाहिलं, पण हात चाकावरच राहिला.

“नेरिडा, मी ग्लेनिस, तुमच्या मागेच आहे. मस्करी नाही करत गं. मागची बाजू डावीकडे लटकलीय. ऐकतेस ना?”

तो आडवा वाकला. रेडिओचा माइक त्या बाजूच्या हुकावर होता आणि त्याची तार गुंडाळून ठेवलेली होती, तिने ठेवली होती तशीच. ती सोडवताना गाडी थोडी डुलली.

“नेरिडा नाहीये. मी अल्बी. किती लटकलीय?”

मग तोच आवाज, हसू काढून टाकलेला.

“हातभर. ब्रेक दाबू नकोस, नुसता वेग सोड. आम्ही मागे दिवे लावलेत.”

बाजूला घ्यायचं तर डावीकडे वळायला हवं, आणि फळी लटकली होती तीही डावीकडेच. चाक थोडं जास्त फिरलं असतं तर ती कॅराव्हॅनची काच फोडून आत गेली असती. ग्लेनिसने नवऱ्याला अंतर राखून जरा डावीकडे सरकायला लावलं आणि फटीवर डोळा ठेवून ती सांगत गेली. चल. थांब. आता चल, थोडंच. तळहात राहिलाय मधे. चार बोटं. थांब. चल. अल्बीने त्या आवाजावर गाडी कडेच्या खडीत उतरवली. हे दोन शब्द नेरिडा गेल्यापासून त्याच्या कानांवर पडले नव्हते. गाडी थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माइक अजून आपल्या मुठीत आहे.

ग्लेनिसचा नवरा रॉस हा जाडजूड, बोलका माणूस, मेंढ्यांची लोकर कातरण्यात कंबर मोडून घेतलेला. हात मिळवतानाच त्याने अल्बीला कामधंदा विचारून घेतला, मग होडीभोवती एक फेरी मारली. डावा मागचा दोर आणि मधला पट्टा, एवढ्यावर होडीची मागची बाजू तगली होती. उजव्या मागच्या दोराचं टोक लोंबत होतं.

“ही गाठ बॉयलरवाल्याची?” तो म्हणाला. “मला तर वाढदिवसाच्या केकची रिबीन वाटली.”

अल्बीने दोर हातात घेतला. स्वतःची गाठ त्याला टोकाच्या पिळावरूनही ओळखता येत होती. चूक गाठीत नव्हती. ती सैल पडली होती, आणि सैल पडलेली बघायला कोणी आलं नव्हतं. तो पुढून फिरून आला होता, पुढूनच परत गेला होता, आणि उजव्या बाजूला हातही न लावता त्याने ‘झालं’ म्हटलं होतं.

दोघांनी मिळून होडी रेटून सरळ केली. रॉसचा खांदा चांगला होता, पण तो सांगायच्या आधीच रेटायचा. दोनदा जास्त झालं, दोनदा परत आणावं लागलं. ग्लेनिस तोवर डावीकडच्या दाराशी उभी होती. आत बाकावर उशी, थर्मास, घडी घातलेला नकाशा.

“केव्हा?” तिने विचारलं.

“नोव्हेंबरात.”

तिने मान हलवली आणि डावा दोर धरायला गेली.

निघताना रॉसने होडीच्या पोटावर हात फिरवून सांगितलं, विकायची झाली तर मला सांग, दोस्ता. आमची आम्ही गेल्या वर्षी फोडून घेतली. अल्बीने हसण्यावारी नेलं नाही. मुलीशी बोलून संध्याकाळी क्लॉनकरीच्या मुक्कामी सांगतो म्हणाला. या वयात मुलीची परवानगी? रॉसने डोळे मोठे केले. तिला शब्द दिलाय, अल्बी म्हणाला.

क्लॉनकरीला पोचल्यावर लिनेटला फोन लागला. त्याने आधी हवा, रस्ता, जेवण वगैरे काही न सांगता सरळ सांगितलं, होडी हलली.

“डॅड, तू शब्द दिला होतास,” लिनेट म्हणाली.

“दिला होता. म्हणून तर सांगतोय. इथे गिऱ्हाईकही आहे.”

“सुटलं काय?”

“उजवा मागचा दोर.”

“तो तर तुझा.”

“माझाच.”

लहानपणी ती मागच्या बाकावर बसून दर प्रवासाला ते दोन ‘झालं’ ऐकत आली होती. दोन ऐकू आले की गाडी सुटायची.

“मग तो तपासला कोणी?”

“कोणी नाही. मी तुझ्या आईची बाजू बघून आलो.”

तिकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

“उद्या काय करशील?” तिने विचारलं.

त्याने याचा विचार रस्ताभर केला होता, तरी तोंडाने सांगायला जड गेलं. “तिच्या दाराने उतरेन. त्या दाराने उतरलं की पाय पुढून फिरून उजवीकडे येतात. ती तशीच यायची. आधी माझ्या गाठी बघायच्या, मग तिच्या.”

“प्रत्येक थांब्याला?”

“प्रत्येक.”

“गुडघे दुखतील तुझे त्या बाकावरून सरकताना.”

“दुखतील.”

“विकू नकोस मग,” ती म्हणाली. “पण परत हलली, तर तिथेच. आणि मला तसंच सांगायचं, आज सांगितलंस तसं.”

त्याने रॉसला जाऊन कळवलं. रॉसने हात झटकले. खुर्चीत बसलेल्या ग्लेनिसने अल्बी निघाला तेव्हा कागदात गुंडाळलेला फळांचा केक त्याच्या हातात दिला. बसून खा म्हणाली. तो उभाच होता, आणि तसाच परत गेला. दोन खुर्च्यांशेजारी तिसरी मांडलेली होती हे त्याने पाहिलं नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं पश्चिमेकडे गेली, अल्बी उत्तरेकडे. क्लॉनकरी मागे पडल्यावर त्याने मोकळी जागा बघून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. थर्मास खाली ठेवला. गिअरच्या दांड्यावरून आधी एक पाय, मग दुसरा, मग बाकावरून सरकत डावीकडे. गुडघ्याने बोलून दाखवलं. त्याने तिचं दार उघडलं आणि उतरला. पाय आपोआप मागे, तिच्या दोराकडे वळले. ते त्याने आवरले आणि पुढून फिरून उजवीकडे आला.

पुढचा दोर घट्ट होता. मागचा दिसायला घट्ट होता. त्याने आपलं सगळं वजन त्यावर टाकून ओढला तेव्हा तो बोटभर आला. त्याने गाठ सोडली आणि नव्याने बांधली, पाय चाकाला लावून ताण देत.

“झालं,” तो होडीवरून म्हणाला.

मग परत पुढून फिरून डावीकडे गेला, तिकडचे दोर बघितले, आणि तिथूनही म्हटलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो चालकाच्या दाराने आत बसला, इंजिन सुरू केलं, तेव्हा डावीकडचं दार सताड उघडं दिसलं. बसल्या जागेवरून हात पोचण्यासारखा नव्हता. त्याने इंजिन बंद केलं, उतरला, आणि ते लावायला फिरून गेला.