रडण्याची नोंद

दारात चपला काढायची, उंबऱ्याच्या अलीकडेच बसायची आणि आधी पाणी मागायची. पाणी पिऊन, पदरानं तोंड पुसून, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं बघत ती विचारायची, "रडलं हुतं का?"

एवढंच. मूल कधी गेलं, कशानं गेलं, ते सगळं नंतर.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म आणि टांगायचा वजनकाटा. आपण त्यांना सर्व्हेवाली म्हणतो आणि उद्या या म्हणून सांगतो. हिला मी बाई म्हणायचो. इथंही नाव लिहीत नाही. तिच्या नावाचं मी जे केलं तेवढं पुरे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमच्या संशोधन संस्थेचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत; अभ्यासाची गावं मात्र तिकडं माण तालुक्यात. शिकवून तयार केलेल्या बाईनं दर महिन्याला घरी जाऊन तान्ह्या मुलाचं वजन केलं, आईला चार गोष्टी सांगितल्या, तर मुलं दगावायची कमी होतात का, हा अभ्यासाचा प्रश्न. पैसा परदेशातून यायचा. मी पर्यवेक्षक. महिन्यातून दोनदा जीपनं जायचं, भरलेले फॉर्म तपासून आणायचे.

मूल जन्मल्यावर एकदा जरी रडलं आणि मग गेलं, तर तो बालमृत्यू. त्याचा फॉर्म पिवळा. रडलंच नाही, तर ते मेलेलंच जन्मलं; त्याचा पांढरा. आमची मोजणी पिवळ्यांची. पांढरे नुसते बांधून ठेवायचे.

आता घरची माणसं काय सांगणार? "न्हाई रडलं" म्हटलं की विषय मिटतो. ही मिटू द्यायची नाही. एका घरी सासूनं ठासून सांगितलं, "मेल्यालंच हुतं." बाईनं मान हलवली, दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी काढल्या आणि मध्येच म्हणाली, "आत्याबाई, मग मधाचं बोट कुनाला चाटवलं वो?"

सासू चमकली. "तुला कुनी सांगितलं गं, भवाने?"

"आत्ता तुमीच की."

आतल्या खोलीतून सुनेचा हुंदका आला. बाईनं पिशवीतून पिवळा फॉर्म काढला.

ती बौद्ध वस्तीतली. काही घरांत तांब्या तिच्या हातात देत नसत, वरून ओतत. ती ओंजळ धरायची. मी एकदा जीपमध्ये चिडून काहीतरी बोललो, तर म्हणाली, "पानी कसंबी दिऊ द्या सर, खरं सांगितलं म्हंजी झालं. खरं वरनं वतता येत न्हाई." आणि माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघून हसली. "तुमी आधी ही बुटं काडा. तुमाला बघून बाया खोटं बोलत्यात."

शिक्षण सातवी. फॉर्मवर मृत्यूच्या कारणासाठी एकच ओळ होती, ती तिला पुरायची नाही. मग उलटून मागं लिहायची. 'मुलगी. दोन दिस जगली. आंग गार पडलं. आईनं चुलीपाशी धरली हुती.'

"बाई, मागं लिहू नका. मागचं कोणी वाचत नाही."

"मग तुमी वाचा की."

मी वाचायचो. म्हणून तर सांगतो, मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिसऱ्या वर्षी तिचे पिवळे फॉर्म वाढले. मुलं जास्त मरत नव्हती, तिला विचारायची हातोटी साधली होती. आणि त्यातून जे दिसत होतं ते तिनंच मला दहिवडीच्या स्टँडवर चहा पिताना सांगितलं. "पयल्या आठ दिसातच जात्यात, सर. आपुन जातो महिन्यानं. कुनाला बघाय जातो?"

सगळा अभ्यास या एका वाक्यात आडवा झाला होता. तिनं हे आमच्या डॉक्टरांनाही, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, सांगितलं. बाळंत झाल्या दिवसापासून घरी जाऊ द्या म्हणाली. ते गोड हसले. "पुढच्या टप्प्यात बघू, बाई. पण आकड्यानं सिद्ध व्हायला पाहिजे." ते तिनं खरं धरलं. त्या दिवसापासून एकेका पिवळ्या फॉर्मासाठी ती वाड्यावस्त्या पायांनी पालथ्या घालायला लागली.

मग पत्र आलं. पैसा देणाऱ्यांची समिती येणार, कामाचा परिणाम तपासणार, पुढचा टप्पा द्यायचा की नाही ते ठरवणार.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "अहो, रडलं की नाही हे सांगणार कोण? आई शुद्धीवर नाही, सासू खोटं बोलणार. शंका असेल ते पिवळ्यात कशाला? व्याख्या जरा घट्ट करा." मग म्हणाले, "तुम्हीच ठरवा. मी काही सांगत नाही."

माझं कंत्राट संपत आलं होतं. बायकोला सातवा महिना होता. कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगतो.

फॉर्म बदलायचे तर खाली तिची सही लागणार. मी कोऱ्या पांढऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तिच्या घरी गेलो.

"कोऱ्यावर कशाला?"

"पाहुणे यायचेत, ऐन वेळी घाई होईल. का, माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं न्हवं वो. तुमच्यावर न्हाई ठिवायचा तर कुनावर?"

मांडीवर पाट घेऊन तिनं सह्या केल्या. स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव. जोडाक्षराशी थांबायची, जीभ दातात धरायची. नवरा मुंबईत वॉचमन. त्याच्या मनिऑर्डरीवरसुद्धा एवढी जपून सही करत नसेल. निघताना तिनं माझ्या बायकोसाठी शेंगा बांधून दिल्या. "बाळंतपनाला हयगय करू नगा. पयलं आठ दिस लय जपा."

ऑफिसात तीन दुपारी बसून मी पिवळ्यातले पांढऱ्यात उतरवले. मागची बाजू उतरवली नाही. मग पिवळे फाडले.

समिती आली. तिच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. पाहुण्यांत एक पिकल्या केसांची परदेशी बाई होती, शांत, डोळ्यांत बघून बोलणारी. तिनं इंग्रजीत विचारलं, गेल्या वर्षी तुमच्या चार गावांत जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात किती मुलं गेली? मी मराठीत सांगितलं. बाईचे हात पदराखाली होते. ती म्हणाली, "अकरा."

मी म्हणालो, "टू."

आता वन, टू, थ्री कोणाला येत नाही? पोरं शर्यत लावतानासुद्धा म्हणतात. बाईनं माझ्याकडं पाहिलं. परदेशी बाईनं वहीत लिहिलं, हसून हात जोडले. बाईनंही जोडले.

पाहुणे गाडीकडं निघाल्यावर ती माझ्याजवळ आली. आवाज अगदी साधा. "सर, मी मराठीत चुकले का तुमी इंग्रजीत?"

"नंतर सांगतो, बाई."

सांगितलं नाही. अहवाल उत्तम आला. कामाचा परिणाम सिद्ध झाला म्हणून पैसा वाढला, पलूसकडची गावं नव्यानं घेतली. पहिल्या आठ दिवसांच्या भेटींबद्दल एक ओळ होती: गरज दिसून येत नाही. तिथंही बाया महिन्यानंच जायला लागल्या.

तिचं नवं नेमणूकपत्र घेऊन मी गावी गेलो. तिनं ते हातात घेतलं नाही. "चला जरा," म्हणाली.

गावामागच्या ओढ्याच्या काठी नेलं. तान्ही मुलं तिकडं जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीची फांदी. मी त्या गावात चार वर्षं जात होतो. ओढ्याकडं कधी फिरकलो नव्हतो.

ती एकेका दगडापाशी थांबत गेली. "ही दुसऱ्या दिसाची. ह्यो चवथ्या. ही सांजच्याला आली, पाटंला गेली." मग माझ्याकडं वळली. "ह्यातलं पांढरं कंचं आन् पिवळं कंचं, तुमी दावा. मला वळकू येत न्हाई."

मी जीपच्या दिशेनं पाहिलं.

"नगा दावू," ती म्हणाली. "पर सही माजी हाय, सर." आणि गावाकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही.

तिनं काम सोडलं. पुढं नवऱ्याकडं मुंबईला गेली आणि तिकडंच वारली, असं मला फार उशिरा कळलं. माफी मागायला वर्षं होती, मी गेलो नाही. आज हे लिहितोय ते ऐकायला ती नाही, म्हणूनच कदाचित लिहितोय.

त्या दिवशी ती गेल्यावर मी तिथंच उभा होतो. सगळ्या फांद्या वाळून काटे उरलेल्या. कडेच्या एका दगडावरची फांदी तेवढी ओली होती, पानं अजून हिरवी. दोन-तीन दिवसांचीच असेल. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जीपमध्ये जाऊन बसलो. त्या महिन्यात त्या गावातून एकही फॉर्म आला नाही.