विचारायला येणाऱ्या बाई

पुरुष बोलायला लागला की त्या बाई पेनाला टोपण लावायच्या. रागावून नाही. टोपण लावून हात मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांबते मी."

आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मिस्टरांनी सांगून टाकलं, ही घरीच असते, काही करत नाही. बाईंनी टोपण लावलं. मिस्टर आणखी थोडं बोलले, मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि ते बिडी ओढायला बाहेर गेले. मी चौथी शिकलेली, परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. तेव्हाही फुटला नाही. बाई चहा पिऊन गेल्या.

त्या मुंबईच्या एका कॉलेजातून यायच्या, शहाड स्टेशनला उतरून उल्हासनगरच्या आमच्या गल्लीपर्यंत चालत. कुठल्या घरातली मुलगी शाळा सोडते, कोणत्या कामाला लागते, आणि ते काम मिळण्याचा निवडणुकीतल्या मतांशी काय संबंध, याचा त्या अभ्यास करत होत्या. असे फायली घेऊन फिरणारे तुम्हीही पाहिले असतील. जाताना नळाचं, रेशनचं काहीतरी कबूल करून जातात. शेजारच्या मावशींनी या बाईंना विचारलं, तुमच्या लिहिण्यानं आम्हाला काय मिळणार?

"बहुतेक काहीच नाही," बाई म्हणाल्या.

मावशी हसल्या. खरं बोलणारी ही पहिलीच आली, म्हणाल्या.

शिवलेल्या जीनच्या पँटी आमच्या गल्लीत यायच्या, लोंबते धागे कापायला. गठ्ठे वाटणाऱ्या ठेकेदाराला सगळे भाऊ म्हणायचे. निवडणुकीत पार्टीचं कामही तेच बघायचे. त्यांच्या सभेला गेलं तर गठ्ठा. सीझनला, माल जास्त असला की, शाळेतल्या पोरीही कात्री घेऊन बसवायच्या, नाहीतर गठ्ठा दुसऱ्या घरी. माझी सुजाता सातवीतून अशीच घरी बसली होती.

बाई फिरताहेत हे कळल्यावर भाऊंनी सगळ्या घरांना उत्तर पढवलं: आम्ही घरकाम करतो, मुली शाळेत जातात. गल्लीनं तेच म्हटलं, एका सुरात. आणि शेजारी मुली बसलेल्या, जीनच्या रंगानं बोटं निळी झालेल्या. बाई त्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "शाळेत शाई फार वापरतात वाटतं."

पुढच्या खेपेला भाऊ माझ्याच उंबऱ्यात बसले होते. बाईंनी मला विचारलं, उत्तर भाऊंनी दिलं. टोपण लागलं.

"ताई लाजतात हो. मी सांगतो ना," भाऊ म्हणाले.

बाई थांबल्या. आत सुजाताची कात्री चालू होती, तेवढाच आवाज.

मी म्हटलं, "माझी मुलगी शाळा सोडून धागे कापते. भाऊंनी सांगितलं म्हणून."

"लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा. यांच्यासमोरच लिहा."

दुसऱ्या दिवसापासून आमचा गठ्ठा बंद. बाई परत आल्या तेव्हा मिस्टर त्यांच्यावर चिडले, हे तुमच्यामुळे झालं म्हणाले. "हो, माझ्यामुळेच," बाई म्हणाल्या. सबब सांगितली नाही. चेहरा मात्र उतरला होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "खोडू का?" मी हो म्हटलं असतं तर त्यांनी खोडलं असतं, एवढं मला कळलं.

"नका खोडू," मी म्हटलं. "आणि गठ्ठाच नाही तर सुजाता घरी बसून काय करेल? सोमवारपासून शाळेत जाईल."

मिस्टरांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं दप्तर खाली काढलं.

बाई निघणार एवढ्यात मावशींनी दारातून हाक मारली, माझंही उत्तर बदलून लिहा. मग समोरच्या घरानं बोलावलं, मग त्याच्या पलीकडच्यानं. भाऊ कोपऱ्यावरून बघत होते. सीझन भरात होता. किती घरांचे गठ्ठे बंद करणार?

सगळी दारं झाल्यावर भाऊंनी बाईंना अडवलं. काय काय लिहिलंत, विचारलं.

"त्या आहेत ना तिथे. त्या सांगतील," बाई आमच्या दारांकडे हात करून म्हणाल्या आणि शहाडच्या रस्त्याला लागल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या अभ्यासाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

भाऊ आमच्याकडे वळले. आम्ही आपापल्या दारात उभ्या होतो. आमच्यातली एकही आत गेली नाही.