येळवशीची आंबील

निलंग्याच्या एस.टी. आगारातला तो मेकॅनिक एरवी 'हाव' आणि 'न्हाई'पलीकडं बोलत नाही. पण येळवशीला, म्हणजे सगळा गाव शेतात जेवतो त्या अमावास्येला, तो रस्त्यावर उभा राहून गाड्या अडवतो आणि अनोळख्यांनाही शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी जेवायला बसवतो.

यंदा त्यानं अडवलेल्या माझ्या गाडीत पुण्याचे व्याही होते. ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील समोर येताच त्यांनी नाक मुरडलं.

"नाक मुरडा पाव्हणं, पर गलास खाली ठिवू नका," मेकॅनिक म्हणाला.

व्याह्यांनी कसाबसा घोट घेतला. "जपानात आंबवलेलं सोयाबीन खाल्लं होतं, त्याचाही असाच उग्र वास होता."

त्याची पळी हवेतच थबकली.

"तिकडं बी आंबवून खात्यात? म्हंजी आपलीच माणसं की! फुडल्या येळवशीला घिऊन या त्यांना."

आणि त्यानं व्याह्यांचा गलास पुन्हा काठोकाठ भरला. मी माझाही पुढं केला, मान जरा ताठच ठेवून.