पाठीवरचा पंचनामा

"ए, वाक जरा."

साहेब मला म्हणाले. मला वाटलं, खाली काही पडलंय, ते उचलायचंय. म्हणून वाकलो. तर त्यांनी माझ्या पाठीवर कागद ठेवले, मध्ये कार्बन सरकवला आणि हवालदाराला म्हणाले, "घे उरकून."

पोलिसांच्या जीपचं बॉनेट ओलं होतं. लोणावळ्यात सकाळपासून भुरभुर चालू होती. आत बंगल्यात दहा माणसं जेवतील एवढं टेबल होतं, पण साहेबांना आता आत जायचं नव्हतं. मी पोर्चमध्ये उभा होतो आणि माझी पाठ कोरडी होती. एवढी पात्रता पुरली.

गुडघ्यांवर हात टेकून मी तसाच राहिलो. हवालदार दाबून लिहीत होता, खालच्या कागदावर उमटावं म्हणून. पेन शर्टातून टोचत होतं. ओळ संपली की ते पुन्हा डाव्या खांद्याकडे यायचं. त्याला मजकूर पाठ असावा, कारण तो कुठेच थांबला नाही. माझ्या अंगावर काय लिहिलं जातंय ते मला कळत नव्हतं.

मग कागद माझ्या हातात दिले. मी वाचायला लागलो. साहेब म्हणाले, "वाचायचं नाही. सही करायची. झाडूवाल्याला काय करायचंय वाचून?"

दोन शिपाई हसले. मी बारावी पास आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सही केली.

मी नगरपरिषदेत सफाई कामगार. वडील याच खात्यात होते, त्यांच्या जागी वारसा हक्कानं लागलो. वारसा हक्क म्हटलं की लोकांना जमीन, बंगला आठवतो. आम्हाला झाडू मिळतो. पण नोकरी कायम आहे, पगार वेळेवर होतो, आणि दोन्ही मुली त्याच पगारावर शिकतायत.

पोलिसांनी छापा घातला की दोन पंच लागतात. म्हणजे असे दोन साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत माल सापडला. पंच सरकारी नोकर असला की पोलिसांना बरं. तो पळत नाही, कोर्टात बोलावलं की येतो. म्हणून पोलिसांचं पत्र आमच्या ऑफिसात यायचं. क्लार्क लोकांना कोर्टाच्या खेपा नको असतात. मग आमचे अधिकारी खिडकीतून बाहेर बघायचे, आणि बाहेर आम्ही असायचो. मला तर सगळे चेष्टेनं "परमनंट पंच" म्हणायचे. त्याच ऑफिसात माझा चहाचा ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. कोणी काही बोलत नाही. फक्त तो ग्लास दुसरं कोणी घेत नाही.

त्या वर्षी सरकारची नशेविरुद्धची मोहीम जोरात होती. टीव्हीवर मंत्री म्हणत होते, ठेचून काढू. मलाही बरं वाटायचं. मुली मोठ्या होत होत्या, आणि पोरं बिघडतायत हे काही खोटं नव्हतं. मग ठेचणं सुरू झालं. नोटीस न देता टपऱ्या पाडल्या. एकाच्या पायात गोळी गेली, पळत होता म्हणे. एक जण कोठडीत चालत गेला आणि घरी चादरीत आला. कागदावर हृदयविकार. यात बंगलेवाला कोणी नव्हता. मी बातमी वाचायचो आणि पान उलटायचो.

त्या रविवारी सकाळी आम्हा दोघा सफाईवाल्यांना जीपमध्ये घातलं. बंगल्यापाशी उतरलो तर फाटक किसनभाऊंनीच उघडलं. किसनभाऊ बेडसे गावचे, बंगल्याचे रखवालदार. वय पन्नासच्या पुढे. मी कचरा उचलायला जायचो तेव्हा बाटल्या वेगळ्या बांधून ठेवायचे, काच लागू नये म्हणून. कधी त्यांच्या खोलीत बसवून चहा द्यायचे, ते पितात त्याच पितळीत. खोलीत एक फळी होती, तिच्यावर घोंगडी. कमरेच्या दुखण्यामुळे ते फळीवरच निजायचे.

बंगल्यात शहरातून आलेले सात-आठ तरुण पाहुणे होते. नुकते उठलेले. पोलिसांनी बॅगा उघडल्या. कॅमेऱ्याच्या बॅगेतून पांढऱ्या पावडरीची पुडी निघाली. माझ्यापासून हातभर अंतरावर निघाली. बॅग कोणाची, तर एका लांब केसांच्या पोराची. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेव्हा मला आत कुठंतरी गंमत वाटली, हेही सांगतो. म्हटलं, आज बरा मासा गावला.

पोरानं फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब व्हरांड्यात गेले. "जी सर. जी सर. नाही सर, मुलंच आहेत." परत आले तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता. पाहुण्यांना म्हणाले, "घाटात धुकं आहे, सावकाश जा." दोन गाड्या फाटकातून बाहेर पडल्या.

पुडी साहेबांच्या हातातच राहिली. मोहिमेचा आकडा वर कळवलेला असणार, म्हणजे कोणीतरी आरोपी हवाच. किसनभाऊ ट्रेमध्ये पोलिसांसाठी चहा घेऊन आले. साहेबांनी चहा घेतला, फुंकर मारून प्यायला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि विचारलं, "तुझी खोली कुठली?"

खोलीत आम्हाला नेलंच नाही. बंगल्याच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी किसनभाऊंना नेलं. मी पोर्चमध्ये होतो. पट्ट्याचा आवाज येत होता आणि मध्येच किसनभाऊंचा. "साहेब, मी आत्ताच च्या दिला की तुमाला." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, जणू चहा दिलेल्या माणसाला मारत नाहीत असा कुठं कायदा आहे.

मग पाठीवर कागद आले. मला काही कळत नव्हतं असं नाही. वाचू दिलं नाही, पण समजायला वाचावं लागत नव्हतं. तरी सही केली. घरी येऊन जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मुकादमाचा फोन. बाजाराचा रस्ता आधी झाडा, पत्रकार येणार आहेत. मी झाडत पुढे, आणि मागून धिंड. किसनभाऊंच्या कमरेला दोरी. अनवाणी. पाय सुजलेले, टाचा टेकत नव्हत्या. दर चौकात कान धरून उठाबशा काढायला लावत होते आणि त्यांच्याकडून वदवून घेत होते, "मी विष विकणार नाही." चिक्कीच्या दुकानांतून लोक मोबाईल धरून उभे. कोणीतरी ओरडलं, "अजून मारा."

माझ्यापाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, तू व्हतास ना तितं?"

एवढंच बोलले. शिपायानं दोरी ओढली. मी झाडू धरून उभा राहिलो. ज्या रस्त्यावरून त्यांना फिरवलं तो मी स्वच्छ करून दिला होता. मला माझी किळस आली. वाकायला लावलं त्याची नव्हे. वाकलोय हे मला इतके दिवस जाणवलंच नव्हतं, त्याची.

अशा गुन्ह्यात जामीन सहज होत नाही. वर्ष उलटून गेलं. एक दिवस किसनभाऊंची बायको, मंदावहिनी, घरी आल्या. उंबऱ्याच्या आतही येईनात. मी आधीच तयार ठेवलेलं बोलून टाकलं. "वहिनी, मला त्यांनी वाचूच दिलं नाही."

त्या म्हणाल्या, "पर तुमाला वाचता येतं ना?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला आलं असतं तर मी वाचल्याबिगर सोडलं नसतं. त्यांनी मारलं असतं तरी."

पाणी न पिता गेल्या. बायको आतून ऐकत होती. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "मुलींचं शिक्षण अर्धं राहिलंय, ध्यानात ठेवा." तिचंही बरोबर होतं.

कोर्टाचं समन्स आलं तसा हवालदार घरी आला. "जे लिहिलंय तेच बोलायचं. पाच मिनिटांचं काम." ऑफिसात अधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बस म्हणाले. "सरकारी पंच फितूर झाला तर खातं सोडत नाही. कायम नोकरी आहे तुझी. विचार कर." दुसऱ्या पंचानं माझ्या आधीच साक्ष दिली होती, लिहिलंय तशी. त्याला रिटायर व्हायला दोन महिने होते. मी त्याला बोल लावत नाही.

पुण्याच्या कोर्टात किसनभाऊ मागच्या बाकावर, दोन पोलिसांमध्ये. वाळून गेले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सरकारी वकिलांनी कागद पुढे धरला. "ही सही तुमची?"

"माझी."

"मजकूर बरोबर आहे?"

"वाचून सांगतो."

वकील वैतागले. "सही तुमचीच आहे म्हणता, मग आता काय वाचायचंय?"

न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "वाचू द्या त्यांना."

मी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच मी माझ्या पाठीवरचं लिखाण बघत होतो. अक्षर वेडंवाकडं, मध्ये मध्ये पेन रुतून कागद फाटलेला. 'आरोपीच्या खोलीतील गादीखाली पांढऱ्या पावडरीची एक पुडी मिळून आली.' छाप्याचं चित्रीकरण का नाही, तर मोबाईलची बॅटरी संपली. आणि शेवटी, माझ्या सहीच्या वर: 'पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो आमच्यासमक्ष घडल्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.'

मी म्हणालो, "मॅडम, किसनभाऊंकडे गादीच नाही. ते फळीवर निजतात. पुडी पाहुण्यांच्या बॅगेतून निघाली. मी बघितली."

कोर्टात चुळबूळ झाली. वकील म्हणाले, "मग सही कशी केलीत?"

"वाकून उभा होतो साहेब. कागद माझ्या पाठीवर ठेवून लिहिला. वाचायला लागलो तर झाडूवाल्याला काय करायचंय वाचून, असं म्हणाले. आणि मी ऐकलं. खोट्यावर सही केली, ती चूक माझी आहे. तीही लिहून घ्या."

मागे कोणीतरी हसलं. मला लाज वाटली नाही. वकिलांनी मला फितूर जाहीर केलं. फितूर हा शब्द ऐकून मला हसू आलं. मी फितूर झालो होतो तो त्या रविवारी, पोर्चमध्ये.

निकाल अजून लागलेला नाही. किसनभाऊ आतच आहेत. मला निलंबनाचं पत्र मिळालं, चौकशी चालू आहे. हवालदार आता रस्त्यात भेटला की नुसता बघतो. बायको दोन घरची धुणीभांडी करते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. धाकटीनं विचारलं, "बाबा, आता काय?" काही तरी करू, म्हटलं. काय ते मला माहीत नाही.

पण एक माहीत आहे. किसनभाऊंच्या आधी मी सात पंचनाम्यांवर सह्या केल्या. एकही वाचला नव्हता. आता नकला मागायला अर्ज केलेत. चौघांची नावं कळली. त्यातला एक आंबी गावचा, कंपनीत कामाला होता. त्याच्या खिशातून पुडी निघताना मी पाहिली, असं माझी सही सांगते. मी तेव्हा जीपमध्ये बसलो होतो. तो शिक्षा भोगतोय. घरी आई असते.

मी पाहिलं नव्हतं, हे तिला तोंडावर सांगणार आहे. तिनं जोडा काढला तर खाणार. मग हेच वकिलाकडे लिहून देणार, माझ्या अक्षरात, टेबलावर कागद ठेवून. माझ्यावर गुन्हा झाला तर होऊ दे. मग उरलेली घरं, एक-एक करून.

रविवारी आंबीला जातोय.