आईचं ताट

बाबांच्या पायांवर सूज आली तेव्हा मला महाडच्या शाळेत नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. मीच त्यांना आमच्या कापडे गावाहून एस.टी.नं आणून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी पाऊल दाबून पाहिलं, लघवी तपासली आणि सांगितलं, "मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. भाकरीच्या आधणातही नको."

बाबा खाली आले आणि दवाखान्याच्या पायरीवर नुसते बसून राहिले. आमच्याकडे भात असो, नाचणी असो, तोंडी लावायला सुकट, सोडे, खारा बांगडा, नाहीतर आंब्याचं लोणचं. महाडच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत बाबा एकदा शिरले की तासभर बाहेर पडत नसत. हाताळून, वास घेऊन, मासळीवालीशी हुज्जत घालून बांगडे घ्यायचे. त्या दिवशी त्या ओळीच्या तोंडाशी येऊन ते म्हणाले, "चल, इकडून नको. वरच्या रस्त्यानं जाऊ."

त्यानंतर बाबा अळणी जेवू लागले. तक्रार केली नाही, पण जेवण आवरल्यासारखं करून उठायचे. मी शनिवारी घरी जायचो. बाबा, थोरला भाऊ आणि मी, आम्ही पुरुष आधी बसायचो, आई आणि वहिनी मागून. आमच्या पानात सगळं नेहमीसारखं असायचं आणि बाबांचं वेगळं.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या चुलत भावाचं लग्न ठरलं. काका मुंबईला गोदीत होते. मुलगी वाईकडची, माणसं पैशानं बरी. लग्न साधेपणानं देवळात झालं, पण जेवण त्यांनी महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलात ठेवलं. घरातलं वडील माणूस म्हणून बाबांना जाणं भाग होतं. आईनं पहाटे उठून बाबांचा डबा बांधला. आंबेनळीचा घाट चढताना तो पितळी डबा तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

हॉटेलात पंगत नव्हती. लांबलचक टेबलांवर पांढरी चादर, त्यावर झाकणांची भांडी, भांड्यांखाली निळ्या ज्योती. कडेला चिनी मातीच्या ताटल्यांची चळत. ज्यानं त्यानं ताटली घ्यायची आणि पुढं सरकत वाढून घ्यायचं.

"ह्ये काय रे?" बाबांनी मला हळूच विचारलं. "रेशनवानी रांग?"

"बुफे म्हणतात बाबा. हवं ते घ्यायचं."

"हवं ते," बाबा म्हणाले आणि माझ्याबरोबर निघाले. प्रत्येक झाकण मला उघडायला लावलं. मटण, पुलाव, माशाचे तळलेले तुकडे, वाटाण्याची उसळ. वाफ तोंडावर घ्यायचे आणि पुढं सरकायचे. शेवटी कापलेली फळं होती. तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं, "ह्यात तरी नाय ना मीठ?" तो हसला आणि त्यानं स्वतःच त्यांची ताटली भरून दिली.

आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी आलो. आई तिथंच डबा उघडून बसली होती. बाबा म्हणाले, "तू जा की. घे वाडून. येवढं केलंय लोकांनी."

"मला हाय ह्यात," आई म्हणाली आणि डब्यातली भाकरी मोडू लागली.

"त्यात काय हाय? ती माझी अळणी भाकर हाय."

"माझी पन तीच हाय."

 मी डब्यात पाहिलं. एका माणसाला जास्त होतील इतक्या भाकऱ्या होत्या.

"कवापासनं?" बाबांनी विचारलं.

आई भाकरीकडे बघत राहिली. "तुमचं बंद झालं तवापासनं. तुमी तसं गिळायचं नि मागनं मी सुकट घिऊन बसायचं? नाय उतरत घशाखाली."

"मला कोन नाय बोललं."

"सुनंला सांगितलेलं, बोलशील तर बघ म्हनून."

इतक्या वर्षांच्या संसारात बाबांनी आईला जेवताना समोर बसून कधी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. ती आमच्यानंतर जेवते, एवढंच आम्हाला माहीत.

बाबा टेबलाला रेटा देऊन उठले. मी उठू लागलो तर हातानंच मला बसवलं. सुजलेल्या पायांनी ते पुन्हा त्या रांगेत जाऊन उभे राहिले. घरात तांब्याभर पाणीही कधी हातानं न घेतलेला माणूस. मटण वाढताना त्यांच्या हातून रस्सा चादरीवर सांडला. ताटली भरून त्यांनी आईसमोर आणून ठेवली.

"खा."

"अवो, लोकं बघत्यात."

"बघूंदे. खा म्हंतो ना."

आईनं मटणाचा एक तुकडा तोंडात घातला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "ई गो! किती खारट ह्ये!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाखून बघितलं. मीठ अगदी बेताचं होतं. तसं सांगितल्यावर बाबा आधी हसले, मग उपरण्यानं डोळे पुसत राहिले. आई ओशाळून म्हणाली, "जिभंला सवय ऱ्हायली नाय." पण ती ताटली तिनं, मधे मधे पाणी पीत, संपवली. मासा तिला आवडला. तो तिनं दुसऱ्यांदा माझ्याकडून मागून घेतला.

घरी आल्यावर बाबांनी वहिनीला सांगितलं की सासूच्या जेवणात मीठ पडलं पाहिजे आणि ती त्यांच्याच शेजारी जेवायला बसेल. शेजारपाजारच्या बाया हसल्या. आईला पहिले काही दिवस घास जाईना, ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करून जेवायची. हळूहळू सरावली.

बाबांनी पुढची तीन-चार वर्षं काढली, अळणीच. आई शेजारी बसली की ते विचारायचे, "कसं झालंय आज?" आई नीट चव घेऊन सांगायची, सोडे जरा जुने हायत, कोकम जास्त पडलंय, तिखट बरं हाय. ते ऐकून घेत आणि आपली भाकरी मोडत.