ओटीतली बिननावाची डबी

त्या बाईनं पदराचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. ग्लास मीच आणला होता, ट्रेमध्ये, पोह्यांच्या आधी. मले वाटलं, पदरावर काही सांडलं असन, म्हणून धुऊन राहिली. मंग ती उठली, माह्याजवळ आली, एका हातानं माही हनुवटी धरली अन् त्या ओल्या पदरानं माहा गाल घासला. घासला, पदर पाह्यला, पुन्हा घासला.

"पावडर नाही लावली वाटते," ती आपल्या लोकांकडे वळून म्हणाली. "रंगच असा आहे."

सगळे हसले. नवरदेव हसला. त्याचा बाप हसला. माहे बाबा सतरंजीकडे पाहत बसले. माय दाराच्या चौकटीत उभी होती, तिच्या मागे माही धाकटी बहीण, हातात पोह्यांच्या प्लेटा. कोणी म्हटलं नाही, हात काढा. मी तरी कुठून म्हणणार होती? पाहुण्यांसमोर मान वर करायची नाही, हेच लहानपणापासून ऐकलं होतं. गाल ओला होता अन् पुसायले रुमाल नव्हता. तसाच वाळला.

ती नवरदेवाची आत्या. नागपूरच्या बेस्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिचाच शब्द चाले. भाऊ सरकारी ऑफिसातून रिटायर, भाचा तशाच एका ऑफिसात बाबू. जातीतलेच, पण दोन पिढ्यांपासून शहरात. आमचं गाव मौद्याच्या पुढे, बाबांच्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत मीही चिखलात उभी राहिलेली, पाठीवर ऊन घेतलेली. त्या उन्हाचा तांदूळ या लोकांले गोड लागे. उन्हाचा रंग नाही.

मी तेव्हा नागपुरात राहत होती, सीताबर्डीवर साडीच्या दुकानात कामाले. तिथंही तेच. गिऱ्हाइकीण म्हणाली की पोरीच्या खांद्यावर टाकून दाखवा, तर शेठ गोऱ्या पोरीले हाक मारे. मले वरच्या मजल्यावर परकर-अस्तरच्या काउंटरले ठेवलं होतं. "तेरे पे कलर खुलता नहीं," असं तो तोंडावर म्हणे, अन् त्यात आपण कोणाले बोलून राहिलो असं त्याले वाटतही नसे. भावातला फरक सांगावा तसं सांगे.

तर त्या लोकांनी होकार दिला. पोट्टी कमावती आहे, नाकी-डोळी बरी आहे, फक्त रंग तेवढा. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. आत्याबाई म्हणे, लग्न वैशाखात धरू, तोवर उजळून घ्या. भिंतीले चुना मारून घ्या म्हणावं, तसं.

साक्षगंधाच्या दिवशी तिनं माही ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, अन् त्यावर एक छोटी पांढरी डबी. डबीवर काहीच नाही. नाव नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे ते नाही. मी उलटीपालटी करून पाह्यली. आत्याबाई म्हणे, आमच्या ओळखीची पार्लरवाली घरी बनवते, फॉर्म्युला क्रीम, एकदम नॅचरल, जडीबुटीचं. आमच्याकडच्या सगळ्या सुना हेच लावून आल्या म्हणे.

ओटीतलं नाकारायचं नसते. ओटीतलं खाली ठेवायचं नसते. मी पदरात घेऊन देवापुढे गेली, नमस्कार केला, अन् रात्री लावायले सुरुवात केली.

अन् उजळली मी. खोटं काहून सांगू? सक्रांतीपर्यंत चेहरा असा झाला की आरशात मीच मले पुन्हा पुन्हा पाहे. गालाले बोट लावलं तर गुळगुळीत. गुलाबासारखा एक उग्र वास यायचा त्या क्रीमले, तोही आवडायले लागला. गावी गेली तर शेजारपाजारच्या बाया म्हणत, शहराचं पाणी मानवलं वं तुले. मायचा जीव हरखून गेला. अन् शेठनं मले खालच्या काउंटरले आणलं. माह्या खांद्यावर पहिल्यांदा पैठणी टाकली. हात तेच होते, मान तीच होती, कामही तेच येत होतं. फक्त तोंड पांढरं झालं होतं. तेव्हाच मले राग यायले पाहिजे होता. नाही आला. आनंद झाला.

होळी झाली अन् नागपूरचं ऊन तापलं. बस स्टॉपवर उभी राहिली की गाल पेटे. दुपट्टा बांधला तरी पेटे. मंग बारीक पुरळ, मंग लाल चट्टे, मंग ओठाच्या वर अन् कानाजवळ लव वाढायले लागली. डबी बंद केली तर आणखी आग. लावली तर थंड. लावल्याशिवाय राहवेना, अन् लावलं तर भीती वाटे. सुट्टी काढून गावी गेली, तर मायनं घरचं सुरू केलं. डाळीचं पीठ अन् साय, लिंबू, मुलतानी माती. त्या भोळीले वाटलं, घरचं आहे, काय बिघडते? लिंबू लावलं त्या दिवशी मी मोरीत बसून ओरडली.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेली. चामडीच्या डॉक्टरीणबाईनं माहा चेहरा उजेडाकडे वळवला. तिनंही हनुवटीच धरली होती, पण विचारून. "पाहू का?" म्हणाली. एवढ्या दोन शब्दांनी मले तिथंच रडू फुटलं. मी डबी दाखवली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला अन् बंद केलं. म्हणे, रोजच्या येतात तुझ्यासारख्या. यात स्टेरॉइड असणार, पाराही असू शकतो. चामडी पातळ झाली आहे, म्हणून ऊन सोसत नाही. पारा असला तर तो चेहऱ्यावरच थांबत नाही, अंगात जातो. ती क्रीम आजपासून बंद. आग होईन, त्याचं औषध मी देते, ते मले विचारल्याशिवाय कमीजास्त करायचं नाही. अन् हळद, लिंबू, बेसन, माती, काही म्हणजे काही चेहऱ्याले लावायचं नाही.

मी म्हटलं, वैशाखात लग्न आहे माहं. हळद लागणार.

"पायाले लावा," ती म्हणाली. "हळद पायालेही लागते."

मायनं बेस्याले फोन करून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाली, डबीत काय असन, हळद फक्त हातापायाले लावू. तिकडून आत्याबाई बरं बरं म्हणाली. दवाखानेवाले घाबरवतातच म्हणाली. माय फोन ठेवून म्हणे, समजूतदार आहेत हो माणसं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या बाया गावी आल्या. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन, वाजत गाजत. मांडवात मी पाटावर बसलेली, पिवळं लुगडं, चेहऱ्यावरचे चट्टे अजून गेले नव्हते. उष्ट्या हळदीचं मोठं ताट सगळ्यांसाठी. बाया एकमेकींच्या तोंडाले फासून राहिल्या, हसून राहिल्या. आत्याबाईचा जोर सगळ्यात जास्त. माह्या मायले फासली, मावशीले फासली, स्वतःच्या गालाले फासून घेतली. मंग पिशवीतून तिनं एक वेगळी वाटी काढली. झाकलेली.

"ही नवरीची," म्हणे.

तिनं बोटं बुडवली अन् माह्या तोंडाजवळ आणली. हळदीचा वास येतच होता सगळ्या मांडवात. पण त्या वाटीतून गुलाबाचा उग्र वास आला. तो वास मी चार हात अंतरावरून ओळखला असता. तिनं क्रीम कालवली होती हळदीत.

मी तिचं मनगट धरलं.

हे मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप उठला. मी विचारलं, आत्याबाई, यात काय घातलं? ती म्हणे, अवं काही नाही, थोडं तेज यावं म्हणून. उद्या फोटोवाला येणार आहे, असे चट्टे घेऊन बसशील का? आमच्याकडचे लोक काय म्हणतील? मी म्हटलं, डॉक्टरनं नाही सांगितलं होतं, मायनं फोन केला होता तुमाले. बाया थांबल्या. ढोल बंद झाला. माय म्हणायले लागली, जाऊ दे बाई, एवढंसं बोट लावून घे, शकुन असते.

मी नवरदेवाले फोन लावला. तिथंच, पाटावर बसून. आत्याले सांगा म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "लावून घे न एक दिवस. फोटोपुरतं. आत्याचं मन राहीन."

तिचं मन. माह्या तोंडाची साल निघाली असती तरी तिचं मन राह्यलं पाहिजे होतं. सहा महिन्यांपासून गालावर वाळलेलं ते पाणी मले तेव्हा पुन्हा जाणवलं. फोन ठेवला. वाटी तिच्या हातातून घेतली. बोटं बुडवली, अन् उठून तिच्या गालाजवळ नेली. हळदीत सगळ्या एकमेकींले लावतातच. ती आतापर्यंत सगळ्यांले लावत होती. तिचा गाल तर आधीच पिवळा होता.

"आधी तुम्ही लावून घ्या," मी म्हटलं.

ती मागे सरकली. पटकन. हातानं तोंड झाकलं.

"मले नको ते," ती म्हणाली. "मले सोसत नाही."

बस. एवढंच. तिच्या तोंडून निघून गेलं अन् मंग तिलेच समजलं, काय निघालं ते. मांडवातल्या एकाही बाईले आणखी काही सांगायची गरज पडली नाही. तिले माहीत होतं. तिनं स्वतः लावून पाह्यलं होतं, तिचं तोंड पोळलं होतं, अन् तरीही तिनं ती डबी माह्या ओटीत घातली. तांदळावर, नारळाच्या बाजूले. आपल्याले सोसत नाही ते दुसऱ्याच्या पोट्टीले सोसावं लागते, अशी रीत.

मी वाटी मांडवाच्या खांबाजवळ उपडी केली. म्हटलं, हे लग्न होणार नाही. माय मटकन खाली बसली. बेस्याच्या बाया एकदम बोलायले लागल्या, काळी ते काळी अन् वरून एवढा तोरा, असं एक जण म्हणालीच. बाबा तोवर मांडवाच्या बाहेर पुरुषांत होते. आत आले, माह्याकडे पाह्यलं, खांबाजवळच्या त्या पिवळ्या गोळ्याकडे पाह्यलं. मंग आचाऱ्याले म्हणाले, स्वयंपाक झाला आहे, गावाले वाढा. अन् बेस्याच्या बायांलेही ताटावर बसा म्हणाले. त्या बसल्या नाही.

बाबा त्या दिवशी बोलले, पण पदर ओला झाला तेव्हा नाही बोलले. ते मी विसरली नाही. त्यांलेही सांगितलं.

वाईट झालं नाही असं मी म्हणत नाही. माय कित्येक दिवस विहिरीवर गेली नाही, बाया विचारतील म्हणून. चेहऱ्याची आग जायले पुढची दिवाळी आली. चट्टे फिके पडले, गेले नाही. लव आहे. शेठनं मले पुन्हा वर पाठवायचं काढलं, तर मी म्हटलं, मी खालीच उभी राहीन, माह्या गावच्या बायाही साड्या घेतात अन् त्या माह्याच रंगाच्या आहेत. तो हसला. पण हिशोबी माणूस. उभी आहे मी खाली.

आता मी चेहरा साध्या पाण्यानं धुते. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलेलं बिनवासाचं साधं मलम, उन्हाची क्रीम, बाहेर निघाली की दुपट्टा. हातापायाले मायनं आणलेलं जवसाचं तेल. झालं. नवीन काही घेतलंच तर आधी डबी उलटी करते. कोणी बनवलं, कुठं बनवलं, आत काय, कधीपर्यंतचं. लिहिलेलं नसन तर दुकानदाराच्या हातात परत. लिहिलेलं असलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूले लावून दोन दिवस पाहते. नॅचरल म्हटलं म्हणून हुरळून जात नाही. लिंबूही नॅचरलच होतं. दुकानातल्या पोरींले हेच सांगते. एकीच्या पर्समध्ये तशीच पांढरी डबी निघाली, ती मी सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकली. ती रागावली. रागावू दे.

पुन्हा तुळशीचं लग्न झालं आहे. रविवारी धाकटीले पाहायले लोक येणार. मायनं गुपचूप पावडरचा डबा आणून ठेवला होता, तो धाकटीनंच परत केला. काल मी गावी आली, तर भांडे घासता घासता तिनं मले विचारलं. प्लेटा हातात घेऊन ती दारामागे उभी होती न, त्या दिवशी. सगळं पाह्यलं होतं तिनं.

"ताई, यांनीही पदर ओला केला तर?"

पाणी मी नेणार आहे. तिच्या बाजूच्या खुर्चीवर मी बसणार आहे, याच चेहऱ्यानं, चट्ट्यांसकट. ग्लासात कोणाचा पदर बुडाला, तर तो धाकटीच्या गालापर्यंत पोहोचणार नाही. मनगट कसं धरायचं ते मले येते.